नोकरीआधीची लघवी तपासणी काय सांगते, काय नाही

अमेरिकेत अनेक ठिकाणी मुलाखतीत निवड झाली तरी नोकरी पक्की होते ती लघवीच्या तपासणीनंतरच. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आदेश काढला, त्यानंतर ही पद्धत खासगी कंपन्यांतही फोफावली. सरकारी नियमांनुसार नमुना देण्याच्या जागी संडासाच्या पाण्यात निळा रंग टाकतात, म्हणजे ते पाणी बाटलीत मिसळता येत नाही. चार मिनिटांच्या आत नमुन्याचं तापमान पाहतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असावं लागतं.

पहिली चाचणी प्रतिपिंडांची. ती स्वस्त आणि झटपट असते, पण ढोबळ. रेणूची ठेवण सारखी दिसली की प्रतिपिंडं फसतात, आणि सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन अ‍ॅम्फेटामाइन म्हणून नोंदलं जाऊ शकतं. म्हणून दुसरी, खात्रीची चाचणी लागते. त्यात यंत्र रेणू वेगळे करतं, फोडतं आणि तुकड्यांच्या वस्तुमानावरून नेमका पदार्थ ओळखतं.

खसखशीपुढे मात्र हे यंत्रही अडतं. अनारसे ज्या खसखशीवर थापतो, ती अफूच्याच बोंडातली. दाण्याच्या आत अफू नसते, पण बोंडाचा चीक त्याला लागलेला असतो. त्यातलं मॉर्फिन लघवीत उतरतं आणि ते खरंखुरं मॉर्फिन असल्याने खात्रीची चाचणीही ‘आहे’ असंच म्हणते. यामुळेच अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. हेरॉइनची खूण वेगळी: ६-अ‍ॅसिटिलमॉर्फिन. खसखशीतून ते येत नाही.

गांजाचं आणखी अवघड. त्यातलं द्रव्य चरबीत मुरतं, त्यामुळे रोज ओढणाऱ्याने तो सोडल्यावरही कित्येक आठवडे त्याचे अंश लघवीत सापडतात. कोकेनचा माग मात्र बहुधा दोन-तीन दिवसांत पुसला जातो. माणूस आज नशेत आहे का, हे लघवी सांगूच शकत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून, काही अपवाद वगळता, गांजाच्या अशा निष्क्रिय अंशांवरून नोकरी नाकारायला बंदी केली, ती योग्यच.

भारतात २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अशी तपासणी होते, नेमणुकीआधीही. शेकडो जीव ज्यांच्या हाती, त्यांची ती व्हायलाच हवी. पण नोकरी कुठलीही असो, तपासणीआधी आपण घेत असलेली औषधं लेखी सांगा, आणि पहिल्या चाचणीत दोष निघाला तर खात्रीची चाचणी झाल्याशिवाय निकाल मान्य करू नका.