तळ्यांतला गाळ आणि त्यांतील कर्ब

उन्हाळा संपत आला म्हणजे बीड जिल्ह्यांत एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. धरणांचें व पाझर तलावांचें पाणी आटून मधल्या खोलगट भागापुरतें उरतें, भोंवतालचा तळ उघडा पडतो आणि त्या काळ्या थराला वीत वीत रुंदीच्या भेगा जातात. तो पाहून लोक पाण्यासाठीं हळहळतात. गाळाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आपल्या भाषेंत गाळ हा शब्दच मुळीं टाकाऊ वस्तूचा वाचक होऊन बसला आहे. परंतु हल्लीं मोठमोठे शास्त्रज्ञ अशाच गाळाच्या अभ्यासांत गढले आहेत, आणि त्यांचें विशेष लक्ष उत्तर ध्रुवाजवळच्या गोठलेल्या प्रदेशांतील तळ्यांकडे आहे. तेथील गाळाचा व आमच्या गाळाचा संबंध काय, आणि त्यावरून आपण कोणता बोध घ्यावा, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कर्ब म्हणजे काय तें पाहूं. कोळसा, लांकूड, धान्य, तूप, फार काय, आपलें शरीर, या सर्वांत हें मूलद्रव्य आहे. वनस्पति हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून त्यापासून आपलें अंग घडवितात. पान गळलें कीं सूक्ष्म जंतु त्याचा फडशा पाडतात व तो कर्ब पुन्हां हवेंत जातो. मात्र तेंच पान पाण्याखालीं गाळांत पुरलें गेलें, तर तेथें प्राणवायु पोंचत नाहीं; कुजण्याची क्रिया मंदावते आणि कर्बाचा कांहीं भाग ठेव म्हणून तेथेंच राहतो. परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत् केंद्रांत जो दगडी कोळसा जळत आला आहे, तोही पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वींच्या दलदलींनीं सांठविलेली अशीच ठेव होय.

आम्ही शाळेंत भूगोल शिकवीत होतों तेव्हां टुंड्रा प्रदेशाचा धडा शेवाळ, रेनडियर व एस्किमो एवढ्यावर आटोपत असे. पण त्या प्रदेशाची खरी नवलाई जमिनीखालीं आहे. सैबेरिया, अलास्का व उत्तर कॅनडा येथें उन्हाळ्यांत वरचा थोडासा थर तेवढा वितळतो. त्याखालची जमीन हजारों वर्षें गोठलेलीच आहे. तींत प्राचीन गवत, मुळें, क्वचित् मॅमथ नांवाच्या केसाळ हत्तीचे अवशेषही जसेच्या तसे सांपडतात. या गोठलेल्या मातींत सुमारें दीड लक्ष कोटी टन कर्ब आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सबंध वातावरणांत आज जेवढा कर्ब आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट हें प्रमाण भरतें.

हवा तापूं लागल्यावर या भूमींतला बर्फ वितळतो, जमीन खचते, खड्ड्यांत पाणी सांचून तळें होतें. हें पाणी उष्णता खालीं पोंचवितें, त्यामुळें आणखी बर्फ वितळतो आणि तळें आपलेच कांठ खात खात वाढत जातें. युगानुयुगें थंडीनें राखलेला कर्ब आतां तळाशीं प्राणवायूवांचून कुजूं लागतो व त्यापासून मिथेन वायु निघतो. हिवाळ्यांत तळ्यावर बर्फाची चादर पसरली म्हणजे या वायूचे बुडबुडे तींत अडकून राहतात. तेथें भोंक पाडून ज्योत नेली तर भडका उडतो. सैबेरियांतील अशा तळ्यांसंबंधीं कॅटी वॉल्टर या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं जें संशोधन प्रसिद्ध केलें, त्यांत या बुडबुड्यांतील कर्बाचें वय पस्तीस ते त्रेचाळीस हजार वर्षें इतकें भरलें. म्हणजे माणसानें शेतीही सुरू केली नव्हती तेव्हांची ठेव आज मोडली जात आहे.

मिथेन हा कांहीं आपणांस अपरिचित पाहुणा नव्हे. इटलींतील व्होल्टा या पंडितानें १७७६ सालीं माजोरे सरोवराच्या कांठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले व हा वायु जळतो असें दाखविलें. आपल्या खेड्यांतील गोबर गॅसवर भाकरी भाजली जाते, ती याच वायूवर. चुलींत तो उपकारक आहे. परंतु मोकळा सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबानें वजनास वजन कर्बाम्ल वायूच्या अठ्ठावीसपट उष्णता अडवून धरतो.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. येथें बर्फ नाहीं, परंतु बालाघाटच्या डोंगररांगा आहेत, त्यांत उगम पावणारी मांजरा आहे, सिंदफणा व बिंदुसरा आहेत. सिंदफणेवर माजलगांवचें धरण, मांजरेवर धनेगांवचें धरण, बिंदुसरेवर पालीजवळचा तलाव, आणि यांखेरीज लहानमोठे तलाव ठिकठिकाणीं आहेत. आपला पाऊस मुळांत थोडा आणि तोही लहरी. जून महिन्यांतील वळीव नांगरलेल्या उघड्या उतारावर कोसळतो व मातीचा वरचा थर घेऊन ओढ्याला मिळतो. मातीच्या बारीकांतल्या बारीक कणांना सेंद्रिय कर्ब अधिक चिकटलेला असतो आणि तेच कण सर्वांत आधीं वाहून जातात. गृहिणींच्या भाषेंत सांगावयाचें तर दुधावरची साय जाते व खालचें पाणचट दूध शेतकऱ्याच्या वांट्यास उरतें. यामुळें नुकसान दुहेरी होतें. शेत निःसत्त्व होतें आणि तळें उथळ होतें. मातीपरीक्षणांत सेंद्रिय कर्ब शेंकडा अर्ध्याहून कमी आला तर ती जमीन कर्बानें दरिद्री समजतात. मराठवाड्यांत अशा जमिनी विपुल आहेत.

सैबेरियांत कर्बाची राखण थंडी करते. आमच्या तळ्यांत ती पाणी करतें. तेथें ऊब आली कीं ठेव मोडते, येथें अवर्षण पडलें कीं मोडते. २०१६ च्या दुष्काळांत मांजरा धरण आटलें व लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. अशा वर्षीं गाळाला भेगा पडतात, त्यांतून हवा आंत शिरते आणि सांठलेला कर्ब वायुरूपानें निघून जातो. पुढें पाणी आलें कीं तळाशीं बुडालेलें गवत कुजून मिथेन होतो. तात्पर्य, शेताची ही साय तळ्यांत पडून राहिल्यानें कोणाचेंच हित नाहीं. ती शेतांत परत गेली पाहिजे.

हा विचार नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नवें तळें बांधणारास पांच वर्षांची, मोडकें तळें दुरुस्त करणारास चार वर्षांची आणि झाडोऱ्यानें माजलेलें तळें साफ करणारास तीन वर्षांची करमाफी सांगितली आहे. आपल्या सरकारनेंही २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. योजना चांगली आहे; परंतु तिचें फळ योग्य हातीं पडतें कीं नाहीं, हाच खरा प्रश्न आहे. गाळ फुकट मिळाला तरी तो वाहून नेण्यास ट्रॅक्टरचें भाडें लागतें. ज्याची चार एकर मुरमाड जमीन गाळाविना उपाशी आहे, तो गृहस्थ ऊसतोडीहून उन्हाळ्यांत घरीं परततो, तेव्हां त्याच्या गांठीं पुष्कळदां उचलीचें कर्ज तेवढें असतें. मग गाळ जातो तो ज्याच्या दारीं ट्रॅक्टर आहे त्याच्या शेतांत, नाहींतर वीटभट्टींत. भट्टींत तर कर्बाचा धूरच होतो. २०२३ सालापासून अल्पभूधारकांस गाळ नेण्यासाठीं अनुदान ठेविलें आहे. त्याची माहिती त्यांना सांगणें व अर्ज लिहून देणें हें गांवांतील शिकलेल्या माणसांचें काम आहे.

गाळ नेतांनाही तारतम्य हवें. हलक्या, उथळ जमिनीस तो अमृतासारखा आहे. परंतु आधींच चिकण व पाणी न निचरणाऱ्या काळ्या रानांत तो घातला तर पीक पिवळें पडेल. गाळांत क्षार किंवा चुनखडी जास्त आहे काय, याची परीक्षा आधीं करून घ्यावी. पातळ थर पसरून मातींत मिसळावा आणि बांध घालावेत. नाहींतर पहिल्याच वळिवांत तो पुन्हां तळ्यांत जाऊन बसेल.

शहरांत राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची गांवीं वडिलोपार्जित जमीन वांट्यानें दिलेली असते. त्यांनीं उत्पन्नाचा वांटा जसा घ्यावा, तसा गाळवाहतुकीच्या खर्चाचाही वांटा उचलावा, हें न्यायाला धरून होईल. गृहिणींनीं निर्माल्य तळ्यांत सोडण्याऐवजीं परसांतल्या खड्ड्यांत खत म्हणून मुरवावें. देवाला वाहिलेलें फूल मातीचें अन्न झालें तर त्यांत अपवित्र कांहींच नाहीं. सैबेरियाचा बर्फ राखणें आपल्या एकट्याच्या हातचें नाहीं. परंतु आपल्या शिवारांतून वाहून गेलेली साय आपल्याच शेतांत परत आणणें सर्वस्वीं आपल्या हातचें आहे, आणि त्यासाठीं मृगाच्या आधींचे दिवस दरवर्षीं आपणांस मिळतात.