पीर पंजालच्या अलीकडची लढाई

काश्मीर म्हटलं की आपल्यापुढे खोरं येतं. श्रीनगर, सोपोर, शोपियां, पुलवामा. पीर पंजालच्या रांगेच्या दक्षिणेकडचे पूंछ आणि राजौरी हे जिल्हे त्या चित्रात नसतात. ते जम्मू विभागातले. तिथे काश्मिरीपेक्षा पहाडी आणि गोजरी जास्त कानावर पडते. आपल्या वर्तमानपत्रांत ही नावं यायची ती बहुतेक ताबारेषेवरच्या तोफमाऱ्याच्या बातमीत. फेब्रुवारी 2021मध्ये भारत-पाकिस्तानच्या लष्करी अधिकाऱ्यांनी शस्त्रसंधी पाळायचं नव्याने ठरवलं आणि तो तोफमाराही थांबला. ताबारेषेवरच्या कुंपणाजवळच्या गावांतली माणसं पुन्हा शेतात जाऊ लागली.

त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला पूंछमधल्या सुरनकोटजवळच्या चामरेरच्या जंगलात शोधमोहिमेवर गेलेल्या तुकडीवर गोळीबार झाला. एका जेसीओसह (कनिष्ठ अधिकाऱ्यासह) पाच जवान गेले. तीन दिवसांनी मेंढर भागातल्या भाटा धुरियांच्या जंगलात आणखी चार. त्यातल्या दोघांचे मृतदेह हाती लागायला दोन दिवस गेले. पुढे तीन आठवडे जंगल पिंजून काढलं, पण मारणारे सापडले नाहीत. आज मागे वळून पाहिलं की वाटतं, धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती. आपण ती एका सुट्या घटनेची बातमी म्हणून वाचली आणि पान उलटलं.

हा भाग शांत होता, पण ती शांतता आपोआप आलेली नव्हती. 2003च्या उन्हाळ्यात सुरनकोटच्या वरच्या अंगाला हिलकाका इथे लष्कराने ‘सर्प विनाश’ मोहीम चालवली. अतिरेक्यांनी तिथे गुराख्यांच्या ढोकांमध्ये, म्हणजे उन्हाळी झोपड्यांमध्ये, चक्क तळ थाटले होते. मोहीम फत्ते झाली त्यात हेलिकॉप्टरांचा वाटा होताच, पण इथल्या पशुपालक गुज्जर-बकरवालांचाही होता. कोणती नाळ कुठे उतरते, कोणत्या ढोकात धूर निघतोय, हे त्यांना ठाऊक होतं. आसपासच्या गावांतल्या काही गुज्जरांनी तर स्वतः बंदुका उचलल्या. 1965च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानी घुसखोरांची पहिली खबर देणाऱ्यांतही असेच स्थानिक लोक होते. लष्कराचे इथले डोळे आणि कान म्हणजे हे लोक, असं इथे काम केलेले अधिकारी सांगत आले आहेत.

मग 2020 साल आलं. गलवानमध्ये चीनशी झालेल्या चकमकीनंतर राष्ट्रीय रायफल्सचं एक अख्खं दल जम्मू विभागातून लडाखला हलवलं गेलं. चीन समोर उभा ठाकल्यावर सैन्य कुठून तरी काढावं लागणारच होतं, त्याबद्दल फार बोट दाखवता येत नाही. पण त्याच वर्षी जुलैत दुसरंही काही घडलं. राजौरीहून मजुरीसाठी शोपियांला गेलेल्या तीन तरुणांना आम्शीपोरा इथे अतिरेकी म्हणून मारण्यात आलं. ते अतिरेकी नव्हते, हे लष्कराच्याच चौकशीत उघड झालं. त्या प्रकरणी एका कॅप्टनला 2023मध्ये लष्करी न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि काही महिन्यांत लष्करी न्यायाधिकरणाने ती स्थगित केली. जवान कमी झाल्याची चर्चा खूप झाली. माणसं दुरावल्याची तेवढी झाली नाही.

2023 हे या काळातलं सर्वांत वाईट वर्ष. सुरुवातच राजौरीजवळच्या डांगरीत सात गावकऱ्यांच्या हत्येने झाली. त्यात लहान मुलं होती. गावोगावी पुन्हा ग्रामरक्षकांच्या हाती बंदुका आल्या. 20 एप्रिलला भिंबर गलीहून सांगियोटकडे निघालेल्या लष्करी ट्रकवर दबा धरून हल्ला झाला, ट्रक पेटला, राष्ट्रीय रायफल्सचे पाच जवान गेले. रमजानचा महिना होता. त्या संध्याकाळी लष्कराने सांगियोटमध्ये गावकऱ्यांसाठी इफ्तार ठेवला होता आणि त्याचं सामान त्याच ट्रकमध्ये होतं. दोन दिवसांवर आलेली ईद गावाने साजरी केली नाही. ही बातमी आपल्याकडे आतल्या पानावर गेली. माझ्या मते ती या तीन वर्षांतल्या सर्वांत महत्त्वाच्या बातम्यांपैकी एक होती.

मे महिन्यात कांडीच्या जंगलात स्फोटात पाच कमांडो गेले. नोव्हेंबरमध्ये कालाकोटजवळ बाजीमाल इथे दोन कॅप्टनांसह पाच जण. हल्लेखोर आता चांगले शिकून आलेले होते. काहींकडे अमेरिकी बनावटीच्या एम-4 रायफली, पोलादी गाभ्याच्या गोळ्या, मोबाइल नेटवर्कविना चालणारे चिनी संदेशसंच. वळणावर हल्ला करायचा, त्याचं चित्रीकरण करायचं आणि जंगलात नाहीसं व्हायचं.

21 डिसेंबरला डेरा की गली आणि बफलियाजच्या दरम्यान लष्कराच्या दोन गाड्यांवर हल्ला झाला. चार जवान मारले गेले. दुसऱ्या दिवशी जवळच्या टोपा पीर गावातल्या काही लोकांना चौकशीसाठी उचलण्यात आलं. त्यातल्या तिघांचा मृत्यू झाला. छळाचे व्हिडिओ फिरले, इंटरनेट बंद करावं लागलं. सरकारने भरपाई आणि नोकऱ्या जाहीर केल्या, लष्कराने चौकशी सुरू केली आणि तिथल्या ब्रिगेडियरला हलवलं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह स्वतः राजौरीला गेले आणि देशवासीयांना दुखावणारी चूक होता कामा नये, असं त्यांनी जवानांना सांगितलं. मंत्र्याने जवानांसमोर उभं राहून हे बोलणं सोपं नसतं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

चार साथीदार गमावलेल्या तुकडीचा संताप समजू शकतो. पण हल्लेखोरांना हवं होतं ते जवानांच्या मृत्यूइतकंच या तिघांच्या मृत्यूनेही त्यांच्या पदरात पडलं. ज्या लोकांकडून खबर यायची, त्यांनाच लष्कराची भीती वाटू लागली तर जंगलात कितीही माणसं उतरवून काय होणार?

2024मध्ये लढाई पूर्वेकडे सरकली. जूनमध्ये रियासीत यात्रेकरूंच्या बसवर हल्ला, नऊ ठार. 8 जुलैला कठुआच्या माचेडी भागात गढवाल रायफल्सचे पाच जवान, आठवड्याभरात डोडाच्या देसा जंगलात एका कॅप्टनसह चार जण. मग जम्मू विभागात जादा कुमक आली, डोंगरमाथ्यांवर पुन्हा चौक्या बसल्या. ते आवश्यकच होतं, आणि ते 2021च्या ऑक्टोबरमध्ये व्हायला हवं होतं.

कुमक पाठवणं दिल्लीच्या हातात आहे, खबर मिळवणं नाही. म्हणून टोपा पीरच्या चौकशीतून जे निघालं ते लष्कराने सगळं लोकांसमोर ठेवावं, आणि सर्वांत आधी त्या गावात जाऊन, त्यांच्या बोलीत सांगावं.