कीटातलं लोखंड

प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर लोक पुण्यासाठी जातात. मी तिथल्या पांढरीसाठी, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडासाठी, जात आलो आहे. बी. के. थापर यांनी १९५५ साली ती खणली, तेव्हा ताम्रपाषाणयुगाच्या वरच्या थरांत लोखंड मिळालं. नंदुरबार जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासावर बोलणारे बहुतेक रंगीत खापरांपाशी थांबतात. मला प्रश्न पडायचा तो लोखंडाचा.

हा नाद लागला लहानपणी, शहाद्याकडच्या एका लोहाराच्या भात्यापाशी. त्यानं राखेतून काढून दिलेला कीटाचा गोळा अजून माझ्याकडे आहे. काळा, भोकाभोकांचा, एका अंगानं काचेसारखा चकचकीत, आणि हातात घेतला की दचकावं इतका जड. चुंबक जवळ नेलं तर हलकी ओढ घेतो. टाकून दिलेल्या मालात एवढं वजन आलं कुठून?

उत्तर सापडलं नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या १९७८-८० च्या उत्खननात तिथं महापाषाणकालीन लोहभट्टी निघाली: बाकदार विटांची, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्यांसह, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची.

अशा भट्टीचं गणित निर्दय असतं. धातुकातली वाळू एकटी १७०० अंशांपर्यंत वितळत नाही. लोखंडाच्या ऑक्साइडशी जुळली की मात्र १२०० अंशांना पाघळते आणि कीट होऊन वाहून जाते. जाताना एक किलो वाळू पावणेदोन किलोहून थोडं जास्तच लोखंड घेऊन जाते. माझ्या गोळ्याचं वजन ते हेच.

चुनखडी घातली असती तर? चुना वाळूला धरतो, लोखंड मोकळं होतं. आजही कीटावरच्या प्रयोगांचं मर्म तेच आहे: दळलेल्या कीटात चुना आणि कोळशाची पूड मिसळायची, १४०० अंशांच्या आसपास तापवायचं, अडकलेलं लोखंड परत मिळवायचं. पण एवढ्या आचेवर लोखंड कोळशातला कार्बन पिऊन घेतं आणि त्याचं बीड होतं. बीड घणाखाली फुटतं. फाळ-कुऱ्हाडी घडवणाऱ्याला ते काय कामाचं? म्हणून जुन्या भट्टीवाल्यांना अडाणी ठरवणारं लिखाण मला मुळीच पटत नाही. लोखंडाचा काही वाटा वाळूला देऊन ते घडीव लोखंड पदरात पाडून घेत होते.

त्यांना लाकडी कोळसा पुरत होता. उंच झोतभट्टीला वरच्या भाराखाली चुरा न होणारा कोक लागतो, आणि चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागात, लोखंडाचा कारखाना उभारायचं स्वप्न मोडलं ते इथंच. तिथल्या लोहारा गावच्या धातुकाबद्दल रिटर फॉन श्वार्त्स यांनी लिहिलेला अहवाल जमशेदजी टाटांनी १८८२ साली वाचला. वरोऱ्याचा कोळसा त्यांनी चाचणीसाठी थेट जर्मनीला नेला. तो नापास झाला. वीस वर्षांनी त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड पुन्हा चांद्याचं रान तुडवत होते. तेव्हाच नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींची नजर एका भूवैज्ञानिक नकाशावरच्या दुर्ग भागाकडे गेली, आणि शोध पूर्वेकडे वळला.

त्या संग्रहालयापासून नायकुंड फार लांब नाही. पण तिथली भट्टी मातीखालून वर यायला अजून पाऊणशे वर्षं होती.