घोड्यांवर चालणारी डिव्हिजन

1939च्या सप्टेंबरात पोलंडवर चालून गेलेली जर्मन सेना म्हटलं की डोळ्यांपुढे रणगाडेच येतात. पण त्या सेनेचा खरा कणा होता पायदळाची डिव्हिजन, आणि ती चालायची माणसांच्या पायांवर अन् घोड्यांच्या खुरांवर. पहिल्या फळीतल्या डिव्हिजनमध्ये कागदावर सुमारे 17 हजार 700 माणसं आणि जवळपास पाच हजार घोडे. तीन पायदळ रेजिमेंट, प्रत्येकीत तीन बटालियन. शिवाय तोफखान्याची एक रेजिमेंट. तिच्या 105 मिलिमीटरच्या हॉवित्झरला सहा घोडे जुंपत. 150 मिलिमीटरची तोफ तर एका जोखडाला पेलायचीच नाही. नळी आणि गाडा वेगळे करून दोन स्वतंत्र ओझी म्हणून ओढावे लागत. साहजिकच डिव्हिजनसोबत नालबंद हवेत, पशुवैद्यकांची तुकडी हवी, रोजची दाणा-वैरण हवी.

कुणी म्हणेल, मोटारगाड्या होत्याच की! होत्या, नऊशेहून अधिक. पण त्या मुख्यतः रणगाडाविरोधी तोफा, संदेशवहन, रसद अशा कामांना जुंपलेल्या. सैनिक पायीच. आणि रणगाड्यांच्या डिव्हिजन? त्या मूठभर, त्या पुढे मुसंडी मारत, तेव्हा पायदळ मैलोन्‌मैल मागे पडे. तरीही मला ही रचना मागासलेली वाटत नाही, काटकसरीची वाटते: इंधन आणि मोटारी अपुऱ्या असलेल्या देशाने गाड्या नेमक्या ठिकाणी वापरल्या. पुढे रशियाच्या अंतरांनी मात्र तिची मर्यादा उघडी पाडली.