मक्तेदारी, कायदा आणि कोळसा

रायपूरनजीकच्या उरला व सिलतरा औद्योगिक वसाहतींतील स्पंज आयर्नच्या भट्ट्यांना लोहखनिजाइतकीच कोळशाचीही गरज असते. छत्तीसगडातील खाणी चालविणाऱ्या साऊथ ईस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय बिलासपूरला, तर विदर्भातील खाणींच्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे नागपूरला आहे. दोन्ही कोल इंडियाच्या उपकंपन्या. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर कित्येक दशके देशातील बहुतांश कोळसा याच समूहाकडून मिळत असे. विक्रेता एकच असला की भाव, दर्जा आणि कराराच्या अटी तोच ठरवितो.

अशा वेळी कायदा काय करू शकतो? अमेरिकेत १९११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार स्टँडर्ड ऑइल कंपनीचे ३४ कंपन्यांत विभाजन झाले. भारतात १९६९ च्या एमआरटीपी कायद्याची जागा स्पर्धा कायदा, २००२ ने घेतली. हा कायदा मोठेपणाला दोष मानीत नाही. प्रभुत्वाच्या गैरवापराला मानतो. कलम ४ अशा गैरवापरास मनाई करते, कलम २७ अन्वये दंड होतो व अटी बदलण्याचा आदेश देता येतो, तर कलम २८ खाली प्रभावी उद्योगाचे विभाजनही करता येते. रोग अटींत असेल, तर शस्त्रक्रियेआधी औषध, असा हा क्रम आहे.

महाराष्ट्राच्या महानिर्मिती कंपनीने हेच दार ठोठावले. इंधन पुरवठा करारातील एकतर्फी अटी, विशेषतः कोळशाचे नमुने व दर्जा तपासण्याची पद्धत, ही तिची तक्रार होती. डिसेंबर २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने कोल इंडियाला १,७७३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि करारांत सुधारणा करण्यास सांगितले. अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये हा आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी पाठविले. आयोगाने २०१७ मध्ये पुन्हा दोषी ठरविले. दंड मात्र ५९१ कोटींवर आला.

राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने निर्माण झालेली सरकारी कंपनी स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येत नाही, हा कोल इंडियाचा मुख्य युक्तिवाद होता. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. लोकहितासाठी मिळालेली मक्तेदारीही ग्राहकाशी न्यायाने वागण्यास बांधील आहे, हा त्याचा अर्थ.

दरम्यान २०२० पासून व्यापारी खाणकामासाठी खासगी कंपन्यांना लिलावाने खाणी देण्यास प्रारंभ झाला. मात्र नवा विक्रेता येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आयोगाकडे कोणतीही व्यक्ती, ग्राहक वा व्यापारी संघटना विहित शुल्क भरून माहिती दाखल करू शकते. एकट्या भट्टीमालकाला हा लढा जड वाटला, तरी त्याच्या संघटनेला हे दार खुले आहे.