शेवटचं जंबो आणि माझी स्टँड-अप मीटिंग

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलल्यासारखंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

२२ एप्रिल २०२४, सोमवार सकाळ. मी पुण्यात लॅपटॉपसमोर, स्टँड-अप मीटिंग चालू. आत्याचा फोन आला, मी कट केला. परत आला, परत कट. नंतर लावला तर म्हणाली, "अरे, तुझं ते कुबडवालं विमान गेलं बघ आज. वर गेल्यावर एकदा या अंगाला कललं, एकदा त्या अंगाला. टाटा केल्यासारखं!"

ते एअर इंडियाचं शेवटचं बोइंग ७४७ होतं. नाव 'आग्रा', नोंदणी व्हीटी-ईव्हीए. १९७१ साली एअर इंडियाकडे पहिलं ७४७ आलं, 'एम्परर अशोक'. त्यानंतर ५३ वर्षांनी हे शेवटचं मुंबईहून अमेरिकेला निघालं, परत न येण्यासाठी. पंख हलवून निरोप देण्याला 'विंग वेव्ह' म्हणतात. ती आत्याने पाहिली. मी जिरा तिकिटावर चर्चा करत होतो.

आत्या राहते विलेपार्ले पश्चिमेला. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो आणि विमानं वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात. म्हणून मुख्य धावपट्टीवरून उडालेली विमानं बहुतेक वेळा जुहूकडे जातात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्या गच्चीवर झोपायचो. विमान आलं की आत्या बोलता बोलता थांबायची, आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू. बाकीची विमानं झपकन वर जायची. पण जंबो आलं की आधी गच्चीचा पत्रा थरथरायचा, मग ते दिसायचं. इतकं खाली, इतकं सावकाश, की वाटायचं आता पडतंय!

ते पडत का नव्हतं, हे मला खूप नंतर कळलं. आजचा मुद्दा तोच.

जंबो एवढं सावकाश का चढायचं?

पहिलं कारण, वजन. ७४७-४०० जास्तीत जास्त सुमारे ३९७ टन वजन घेऊन उडू शकतं. लांबच्या प्रवासाला त्यात दीडशे टनांहून जास्त नुसतं इंधनच असतं.

दुसरं कारण जास्त भारी आहे. नियम असा, की धावपट्टीवर एक ठरावीक वेग गाठला की थांबायचं नाही. या वेगाला पायलट 'व्ही-वन' म्हणतात. त्यानंतर एक इंजिन बंद पडलं तरी विमान उरलेल्या इंजिनांवर वर जाता आलं पाहिजे.

आता सोपं गणित करू. समजा एक इंजिन गेल्यावर वर चढायला १०० एवढा जोर लागतो. दोन इंजिनांच्या विमानात उरलेल्या एकट्या इंजिनाने १०० द्यायचे. म्हणजे दोन्ही चालू असताना जोर २००! चार इंजिनांच्या विमानात तेच १०० उरलेल्या तीन इंजिनांनी मिळून द्यायचे. म्हणजे चारही चालू असताना जोर साधारण १३३. दोन इंजिनवाल्याकडे एरवी भरपूर जोर शिल्लक असतो, म्हणून ते झपकन चढतं. जंबोकडे लागतो तेवढा आणि वर थोडा. आपल्याला जी धडपड वाटायची, ती खरं तर हिशेबातली चाल होती.

तिसरं कारण, मे महिना. गरम हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही घटतो. मग धाव लांबते आणि चढ आणखी मंद होतो.

तुम्ही कसं बघाल?

फोनवर फ्लाइटरडार२४ उघडा आणि विमान कुठे चाललंय ते बघा. एकाच प्रकारचं विमान लंडनला जाताना आणि दिल्लीला जाताना वेगळं चढतं. लांबचं असेल तर टाक्या भरलेल्या, चढ मंद. अर्थात विमान हलकं असेल तर पायलट इंजिनं वाचवायला मुद्दाम कमी जोर वापरतात, त्यामुळे अंदाज कधी कधी चुकेल. तीच तर मजा आहे.

एक मात्र पाळा. विमानतळाच्या कुंपणाला चिकटू नका आणि ड्रोन, लेझर तर अजिबात नको. गच्ची किंवा जुहूचा किनारा पुरेसा आहे.

मालवाहू ७४७ जगात अजून उडतायत, पण नवीन बनणं बंद झालंय. शेवटचं जानेवारी २०२३ मध्ये दिलं गेलं. 'आग्रा'चा निरोप मी नंतर व्हिडिओवर पाहिला, बऱ्याच वेळा. पण फोनच्या स्पीकरवर पत्रा काही थरथरत नाही.

तुमच्या घरावरून कुठलं विमान जातं? व्हॉइस नोट पाठवा, मागे आवाज आला तर उत्तमच. आणि हो, आत्याचा फोन आता मी मीटिंगमध्येही उचलतो.