‘मोअर हायर’ची गोष्ट

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या नंदुरबारच्या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक रजेवर गेले आणि ‘वर्ग तेवढा सांभाळा’ म्हणून मराठी शिकवणाऱ्या माझी तिकडे रवानगी झाली. धडा होता विशेषणांच्या तुलनेचा. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. आखूड शब्दाला शेपूट लावायचे, ब्यूटिफुलसारख्या लांबलचक शब्दापुढे मोअर किंवा मोस्ट उभे करायचे. आणि गुड, बेटर, बेस्ट ही मंडळी कुणाचेच ऐकत नाहीत, म्हणून ती पाठ करायची.

धडगावकडच्या एका मुलाला मी फळ्याजवळ बोलावले. घरी पावरी बोलणारा, मराठी शाळेत शिकलेला. त्याने लिहिले, ‘अस्तंबा इज मोअर हायर दॅन तोरणमाळ.’ वर्ग हसला. खोटे कशाला सांगू, मीही हसले. खडू ठेवून तो जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

मग मला चुटपुट लागली. आपण मराठीत काय करतो? ‘अस्तंबा तोरणमाळपेक्षा उंच आहे.’ यात ‘उंच’ जागचे हलत नाही; सारा भार ‘पेक्षा’वर. फार तर ‘अधिक उंच’ म्हणू. शेपूट लावायची सवयच नाही. त्या बिचाऱ्याने आपले ‘अधिक’ही ठेवले आणि त्यांचे शेपूटही जोडले!

आणि आम्ही विद्वान तरी काय करतो? संस्कृतात तुलनेचे दोन सरंजाम आहेत. एक तर-तमचा: उच्चतर, उच्चतम. दुसऱ्यात शेवटी ‘इष्ठ’ येतो: श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ. हा ‘इष्ठ’ आणि इंग्रजीचा ‘एस्ट’ एकाच प्राचीन भाषेची लेकरे. संस्कृतातला ‘स्वादिष्ठ’ आणि इंग्रजांचा ‘स्वीटेस्ट’ ही तर सख्खी भावंडे! आपण त्याचे ‘स्वादिष्ट’ केले, त्यातले ‘सर्वांत’ विसरलो, आणि आता ‘सर्वांत स्वादिष्ट चकली’ म्हणतो. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत चांगला, तरी सर्वश्रेष्ठ. ‘उत्तम’च्या पोटात ‘तम’ बसलेलाच, तरी सर्वोत्तम. मी स्वतः एका मानपत्रात ‘श्रेष्ठतम’ लिहिले आहे. तेव्हा कोणी हसले नाही, उलट टाळ्या पडल्या. शेक्सपिअरनेही ‘ज्युलियस सीझर’मध्ये मोस्टवर एस्ट चढवले आहे. त्याच्या काळी ते चालत असे. व्याकरणकारांनी पुढे त्यावर बंदी घातली.

चौथ्या दिवशी मी वसतिगृहावर गेले. आधी माफी मागितली, मग हे सारे सांगितले. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे मॅडम, शेक्सपिअरचेही मार्क कापायचे?”

“आज परीक्षेला बसला तर कापायचेच,” मी म्हणाले. “तुझेही कापतील. ‘मोअर’ काढून टाक. पण हसणे माझे चुकले.”

त्याची कळी खुलली. दिवाळीतल्या अश्वत्थाम्याच्या यात्रेचा विषय निघाला. अस्तंब्याच्या माथ्यावर तो लहानपणापासून जात आला आहे. मी सहज म्हटले, “सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर, नाही का?”

“नाही मॅडम. सातपुड्यात सर्वांत उंच धूपगड, तो पचमढीला. अस्तंबा 1325 मीटर. महाराष्ट्रातल्या सातपुड्यात सर्वांत उंच म्हणा.” थोडे थांबून म्हणाला, “आणि नुसते महाराष्ट्रात म्हटले, तर कळसूबाई.”

‘सर्वांत’ म्हणायचे तर कोणत्या सर्वांत, ते आधी सांगावे लागते. एवढे व्याकरण मी वर्गात शिकवायला विसरले होते. ते त्याने मला वसतिगृहाच्या पायरीवर शिकवले. पुढच्या तासाला तो आला. मी खडू त्याच्याच हाती दिला.